मदत हवी आहे: बालगृहातून बाहेर पडलोय, अनाथ प्रमाणपत्र आणि बहिणीची सोय

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय पण कृपया पूर्ण वाचा.

मी २० वर्षांचा आहे, डिसेंबरमध्ये २१ पूर्ण होतील. मूळ गाव बीड जिल्ह्यात, वडवणी तालुका. आई-वडील ऊसतोडीला जायचे, दसरा झाला की टोळीबरोबर कोल्हापूरकडे. आई गावीच आजारपणात वारली, नंतर वडील शिरोळ तालुक्यात फडावर असतानाच वारले. चुलत्यांनी थोडे दिवस सांभाळलं पण त्यांचंही हातावरचं पोट, त्यांनाही जमेना, मग बाल कल्याण समितीसमोर नेलं आणि मी मुलांच्या बालगृहात, बहीण मुलींच्या बालगृहात, ते पण वेगळ्या गावात. चुलत्यांवर माझा राग नाही, त्यांना कोणी वाईट बोलू नका प्लीज.

१८ झाल्यावर संस्थेतून निघालो. मेकॅनिकलचा डिप्लोमा चालू होता तो पूर्ण केला, आमच्या एका सरांनी फी आणि हॉस्टेलचं बघितलं म्हणून झाला. आता चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस आहे आणि भोसरीत कॉट बेसिसवर राहतो, मेस लावलीय, रोजचं भागतं. डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जायची फार इच्छा आहे.

खरी काळजी बहिणीची आहे. ती बारावी सायन्सला आहे, अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, नर्सिंगला जायचं म्हणते. तिला फेब्रुवारीत १८ पूर्ण होतात आणि बोर्डाची परीक्षा पण तेव्हाच. त्यात चुलतीचा निरोप आलाय की १८ झाली की पोरीचं उरकून टाकू, स्थळ आहे, मुलगा चांगला आहे. मुलगा पण ऊसतोडीलाच जातो. म्हणजे ही पण लग्नानंतर कोयता घेऊन फडात, आई गेली तशीच. मला हे होऊ द्यायचं नाहीये. तिला पण नकोय, पण रविवारी फोनवर बोलते तेव्हा म्हणते दादा मी जाऊ कुठे, आणि मला उत्तर देता येत नाही कारण माझीच एक कॉट आणि एक पत्र्याची पेटी आहे.

रूम घ्यायचं बघतोय म्हणजे ती आली तर राहील, पण एजंट पहिलंच विचारतो घरचे कुठे असतात, घरच्यांचा नंबर द्या. घरचे नाहीत सांगितलं की विषयच संपतो. आणि बहीण येणार म्हटलं तर लोक बहीण आहे यावरच विश्वास ठेवत नाहीत, आधारवर दोघांचे पत्ते वेगवेगळ्या संस्थांचे आहेत ना.

तर विचारायचं ते असं की अनाथ प्रमाणपत्र संस्थेत असताना निघालं नाही, आता १८ च्या पुढे मला मिळेल का? आईचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत आहे पण वडिलांचा गावात नाही, ग्रामसेवक म्हणतात जिथे वारले तिथे नोंद बघा. ती कशी शोधायची? १८ नंतर महिन्याला पैसे मिळतात असं एका मित्राकडून कळलं ते खरं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बहीण १८ ची झाली की लगेच तिला संस्था सोडावी लागेल का?

निळी शाई:
दादा, मी काही वर्षं जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम केलंय म्हणून लिहिते. पैशांचं खरं आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अनुरक्षणासाठी म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४६ मध्ये ही मदत आहे आणि नियमांप्रमाणे ती २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत देता येते. तुझे २१ डिसेंबरला होतायत म्हणून तुझा अर्ज आधी, याच आठवड्यात दे. लेखी दे आणि पोच घे, तोंडी बोलण्यावर राहू नको. शिक्षण पुढे चालू करायचंय हे त्यात स्पष्ट लिही.

बहिणीसाठी तिच्या जिल्ह्यातल्या समितीला आत्ताच अर्ज जाऊ दे, तिच्या सहीने, की बोर्डाची परीक्षा होईपर्यंत इथेच राहू द्या आणि पुढे अनुरक्षणात घ्या. पुढचं नियोजन संस्थेने ती बाहेर पडायच्या आधीच करायचं असतं, फेब्रुवारीची वाट बघायची नाही. लग्न करायचं नाही हे पण तिने त्याच अर्जात लिहावं. १८ नंतर तिचं लग्न ठरवायचा हक्क चुलत्यांना नाही, तिचा निर्णय तिचाच आहे. त्याआधीच कोणी घाई केली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हा नंबर तिला पाठ असू दे.

प्रमाणपत्र १८ नंतरही मिळतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करायचा, पुढे विभागीय उपायुक्त देतात. समितीचा आदेश, संस्थेत राहिल्याचा दाखला, शाळेचा टीसी आणि दोघांचे मृत्यूचे दाखले लागतील. दोघं भावंडं एकदमच अर्ज करा, कागद सारखेच आहेत.

रानवारा:
मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, ग्रामसेवक बरोबर बोलले. फड कुठल्या गावच्या शिवारात होता ते तुमच्या मुकादमाला विचारा, त्याला नक्की आठवत असेल. दवाखान्यात नेलं होतं का ते पण विचारा, तसं असेल तर नोंद त्या दवाखान्याच्या गावात किंवा नगरपालिकेत असेल. नोंद झालीच नसेल तर तिथून अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि उशिराच्या नोंदीसाठी अर्ज करा. एक वर्षाच्या वर गेलं की आदेश लागतो, २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, पूर्वीसारखं कोर्टात जावं लागत नाही.

अजून एक, महाराष्ट्रात अनाथांना १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, शिक्षणात आणि नोकरीत दोन्हीकडे. आणि २०२४-२५ पासून अनाथ मुलगा असो की मुलगी, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, फक्त ॲडमिशन कॅपमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. म्हणजे एका प्रमाणपत्रावर तुझी डिग्री आणि तिचं नर्सिंग दोन्ही अवलंबून आहे, बाकी सगळं बाजूला ठेव आणि हे काढ.

निळी शाई:
रूमचं राहिलं. दोघांना मिळून खोली घ्यायचा हट्ट आत्ता करू नको. तिला ॲडमिशन मिळेल तिथल्या सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भर, समाजकल्याणच्या वसतिगृहांत अनाथांसाठी काही जागा राखीव असतात. ती हॉस्टेलला सुरक्षित राहिली की तुला पण शिकता येईल. सुट्ट्यांत कुठे जायचं हा प्रश्न उरतो, तो मला माहितीये. दिवाळीत वसतिगृहं रिकामी होतात तेव्हा आमच्याकडे याल का दोघं? पुण्यातच राहते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

धागाकर्ता:
ताई, दादा, मनापासून आभार. खूप दिवसांनी कोणीतरी नीट सांगितलं. मुकादमाचा नंबर चुलत्यांकडून मिळाला, मुकादम म्हणाले जयसिंगपूरच्या दवाखान्यात नेलं होतं, म्हणजे आधी तिथेच चौकशी करतो. बहिणीला अर्जाचा मजकूर फोनवर सांगितला, तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय, अधीक्षक मॅडमकडे उद्या देणार आहे. मॅडमनी घेतला नाही तर समितीला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवला तर चालेल का? आणि जयसिंगपूर भागातलं कोणी इथे असेल तर नगरपालिकेत दाखल्याचं काम कुठल्या वारी होतं तेवढं सांगा, मला कंपनीतून एकच सुट्टी मिळतेय.