'ए' सोडला तरी कॅरॅक्टर वेळेत थांबत नाही. स्विच बदलू की कीबोर्डच?

निळाखटका:
मंडळी, काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम खेळतो. अडचण एकच आहे, पण फार छळते. 'ए' धरून डावीकडे सरकताना समोर कोणी दिसलं की 'ए' सोडतो, थांबण्यासाठी उलट दिशेच्या 'डी'ला टिचकी मारतो आणि गोळी झाडतो. तोवर कॅरॅक्टर हलतच असतं, गोळी भलतीकडेच जाते.

कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे (सोल्डर न करता स्विच काढता-घालता येतात), खटका वाजणारे क्लिकी निळे स्विच आहेत, फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, क्यूएमके. केसमध्ये फोम घातला, पीबीटी प्लास्टिकच्या कीकॅप लावल्या, लांब बटणांखालच्या स्टॅबिलायझरला ग्रीस केलं, चार स्विच उघडून ल्युब (वंगण) केले. आवाज सुरेख झाला, खेळात काडीचा फरक नाही. उलट 'डब्ल्यू' अधूनमधून लागतच नाही. आता ८००० हर्ट्झचा, म्हणजे संगणकाला सेकंदाला ८००० वेळा नोंद पाठवणारा कीबोर्ड घ्यावा का?

लालस्टेम:
थांब, एवढ्यात घेऊ नकोस. फोम आणि ग्रीसनं आवाज बदलतो, हाताला बरं वाटतं. मीही ते हौसेनं करतो. पण बटण दाबल्याचं संगणकाला त्यानं लवकर कळत नाही. आणि तुझी अडचण दाबण्याची नाहीच, सोडण्याची आहे. स्विच किती लवकर लागतो हे सगळे बघतात, किती लवकर सुटतो हे कोणी विचारत नाही.

चेरीचा निळा स्विच २.२ मिमी खाली गेला की लागतो. सुटताना मात्र तो त्याच जागी सुटत नाही. आतला क्लिक करणारा तुकडा स्टेमपासून, म्हणजे बटणाबरोबर खाली-वर होणाऱ्या दांड्यापासून, सुटा असतो आणि संपर्क त्याच्यामुळे होतो किंवा तुटतो. तो वर उडेपर्यंत बटण दाबलेलंच धरलं जातं. म्हणजे तुझं बोट उचललं गेलेलं असतं आणि 'ए' अजून चालू असतो.

लाल लिनिअर घे, म्हणजे मध्ये खटका नसलेला स्विच. तो २ मिमीवर लागतो आणि जवळपास तिथेच सुटतो. इथे बरेच जण सिल्व्हर स्पीड सुचवतील, कारण तो १.२ मिमीवरच लागतो. पण हिशेब करून बघ. सिल्व्हरचा पूर्ण प्रवास ३.४ मिमी, म्हणजे तळाशी टेकलेलं बटण सुटायला २.२ मिमी वर यावं लागतं. लालचा प्रवास ४ मिमी, तिथे २ मिमी पुरतात. दाबायला सिल्व्हर पुढे, सोडायला नाही. मी वर्षभर सिल्व्हर वापरून परत लालवर आलो, आणि 'ए', 'डी'ला थोडी जड स्प्रिंग घातली, म्हणजे बटण बोटाबरोबर वर येतं.

दुसरी गोष्ट डिबाउन्स. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात, म्हणून फर्मवेअर ते स्थिर व्हायची वाट बघतं. क्यूएमकेत मूळ पद्धत सिम-डिफर-जी आणि वेळ ५ मिलिसेकंद. यातला 'जी' (ग्लोबल) फार त्रासाचा, कारण टायमर सगळ्या कीबोर्डला मिळून एकच. 'ए' सुटला आणि लगेच 'डी' लागला, तर 'डी'च्या थरथरीनं 'ए'ची नोंदही पुढे ढकलली जाते. काउंटर-स्ट्रेफमध्ये, म्हणजे उलट दिशेचं बटण दाबून थांबताना, नेमकं हेच होतं! सिम-ईगर-पीके लाव. त्यात प्रत्येक बटणाचा टायमर वेगळा, आणि दाबणं-सोडणं दोन्ही आधी कळवून मग थरथर दुर्लक्षित केली जाते. व्हाया या ॲपमधून बटणं बदलता येतात, पण यासाठी फर्मवेअर नव्यानं कंपाइल करावं लागेल.

८००० हर्ट्झचं म्हणशील तर, १००० हर्ट्झला दर मिलिसेकंदाला नोंद जाते. त्यापुढे जाऊन वाचणार एक मिलिसेकंदापेक्षाही कमी. तुझा १२५ वर असेल तर मात्र आधी तो वाढव, तिथे दोन नोंदींमध्ये ८ मिलिसेकंद जातात.

'डब्ल्यू'चं कारण बहुतेक तुझं ल्युब. ते स्टेमच्या कडांना आणि स्प्रिंगला लावायचं. स्टेमचे दोन पाय जिथे तांब्याच्या पट्टीला घासतात तिथे जाड थर गेला की तो संपर्कात शिरतो. उघड, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुस, पूर्ण वाळू दे.

जड_जी:
एक भर घालतो. वेग वाढवताना चुकून दाबली जाणारी बटणंही सांभाळा. माझं बोट 'एफ'वरून घसरून बंदूक टाकायच्या 'जी'वर जायचं आणि ऐन वेळी बंदूक जमिनीवर पडायची. फक्त 'जी'खाली जड स्प्रिंग घातली, त्रास संपला. विंडोजचं बटण गेमच्या लेअरमध्ये (गेमसाठीच्या वेगळ्या बटण-मांडणीत) बंदच ठेवा.

आणि निळाखटका, 'डी' दाबताच 'ए' आपोआप सोडणारा कोड क्यूएमकेत टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. गेम बनवणाऱ्या वाल्व्हनं ऑगस्ट २०२४ मध्ये अशी स्वयंचलित मदत आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली, सामन्यातून बाहेर काढतात. चुंबकानं बटणाची जागा मोजणाऱ्या हॉल इफेक्ट कीबोर्डमधलं रॅपिड ट्रिगर मात्र चालतं. तिथे बटण थोडंसं वर आलं की सुटतं. पण ते चुंबकी स्विच तुझ्या सॉकेटमध्ये चालणार नाहीत, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल.

निळाखटका:
लालस्टेमदादा, चार दिवस झाले. आधी फक्त 'ए' आणि 'डी' लाल केले, बाकी निळेच ठेवले, म्हणजे फरक कशानं पडतो ते कळेल. पहिल्याच सामन्यात कळला. आता 'ए' खरंच बोटाबरोबर सुटतो. 'डब्ल्यू'ही पुसल्यावर नीट चालतोय. काल सिम-ईगर-पीके टाकलं, तर टाइप करताना 'एस' दोनदा उमटतो. परत मागे जाऊ का?

लालस्टेम:
मागे जाऊ नकोस. वेळ ५ वरून ८ कर. ईगरमध्ये वेळ वाढवली तरी पहिली नोंद तत्काळच जाते, फक्त नंतरची थरथर जास्त वेळ झाकली जाते. तरीही 'एस' दोनदा आला तर त्याच सॉकेटमध्ये दुसरा स्विच घालून बघ. स्विच बदलून थांबलं तर दोष त्याच्यात. काढताना सरळ वर ओढ आणि नवा बसवण्याआधी दोन्ही पिना सरळ आहेत ना बघून घे, वाकलेली पिन सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडते.