बोर्गची रिपॉझिटरी पुसण्याआधी
बोर्ग हे बॅकअप घेण्याचं सॉफ्टवेअर, आणि त्याचे सगळे बॅकअप जिथे साठतात ती रिपॉझिटरी. एक चंक (साठवलेल्या डेटाचा एक तुकडा) खराब झाला म्हणजे जुने बॅकअप बाद, रिपॉझिटरी पुसून टाका, असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया घाई करू नका! डीडुप्लिकेशनमध्ये (सारखा डेटा एकदाच साठवण्याच्या पद्धतीत) तोच चंक अनेक बॅकअपना लागतो, म्हणून नुकसान पसरतं हे खरं. पण त्याच कारणाने तो एकदा परत मिळाला की सगळीकडे भरून निघतो.

आधी रॅम आणि डिस्क तपासा, रिपॉझिटरीची वेगळी प्रत काढा. बोर्ग १.२ मध्ये 'चेक' कमांड 'रिपेअर' पर्यायासह चालवली की हरवलेल्या चंकच्या जागी तेवढ्याच लांबीची शून्यं बसतात. मूळ फाइल लॅपटॉपवर शाबूत असेल तर नवा बॅकअप घ्या आणि रिपेअर पुन्हा चालवा. शून्यांच्या जागी खरा डेटा येतो, अगदी जुन्या बॅकअपमध्येसुद्धा. तोवर 'प्रून' (जुने बॅकअप काढून टाकणारी कमांड) अजिबात नको.