पायाच्या अँजिओग्राफीत अ‍ॅड्रीनलची गाठ दिसली: आधी पाय की आधी गाठ?

प्रश्न (टाकेवाला)
वय ६२. उजव्या मांडीतली धमनी (एसएफए) साधारण १५ सेंमी पूर्ण बंद, एबीआय (घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं) ०.५५. दोनशे मीटर चाललं की पोटरी भरून येते. रात्री दुखत नाही, जखम नाही. त्याच सीटी अँजिओग्राफीत उजव्या अ‍ॅड्रीनलवर (मूत्रपिंडावरची ग्रंथी) ४.२ सेंमीची गाठ, कॉन्ट्रास्टशिवाय घनता ३२ हाउन्सफिल्ड (सीटीतलं घनतेचं एकक). बीपी १६०/९५, नाडी १००. बीटा ब्लॉकर सुरू करावा म्हणतोय. एकाच भुलीत दोन्ही उरकता येईल का?

ग्रंथीशोधक
आधी तो बीटा ब्लॉकर थांबवा. घनता १० किंवा त्याहून कमी आणि एकसारखी असती तर फिओक्रोमोसायटोमाचा (फिओ: अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं सोडणारी गाठ) विषय जवळजवळ मिटला असता. ३२ वर तो उघडाच आहे. अल्फा ब्लॉकरविना बीटा दिला की रक्तवाहिन्या सैल ठेवणारा बीटा-२ बंद पडतो आणि आकसवणारा अल्फा मोकाट सुटतो. बीपी उसळेल आणि अर्धा बंद पाय आणखी आवळेल.

प्लाझ्मा मेटानेफ्रिन (त्या संप्रेरकांचे रक्तातले अवशेष) पाठवा. रुग्ण २०-३० मिनिटं आडवा पडल्यावरच रक्त काढायचं, बसवून काढलं तर खोटं जास्त येतं. ट्रायसायक्लिक (नैराश्यावरच्या) गोळ्या चालू आहेत का तेही विचारा. गाठ कॉर्टिसॉल जास्त बनवते का हे बघायला रात्री ११ ला डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) १ मिग्रॅ, सकाळी ८ ला कॉर्टिसॉल (१.८ मायक्रोग्रॅम/डेसिलिटरपर्यंत ठीक). पण ही चाचणी मेटानेफ्रिन नॉर्मल आल्यावर. स्टेरॉइडने फिओ भडकू शकतो. बीपी आहे म्हणून अल्डोस्टेरॉन-रेनिनही (बीपीशी संबंधित संप्रेरकं). सुई घालून तुकडा काढायच्या भानगडीत पडू नका.

टाकेवाला
मेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या पाचपट आलं तर?

ग्रंथीशोधक
मग फिओच धरा. डॉक्साझोसिन (अल्फा ब्लॉकर) १ मिग्रॅपासून वाढवत किमान ७ ते १४ दिवस, जोडीला भरपूर पाणी आणि मीठ (हृदय-किडनी झेपत असतील तर). नाडी तरीही धावली तर तीन-चार दिवसांनी बीटा, आता चालेल. मळमळीला मेटोक्लोप्रामाइड मात्र नाही.

धमनीकार
दोनशे मीटरवर भरणारी पोटरी म्हणजे पायाची घाई नाही. आधी गाठ. एकाच भुलीत दोन्ही नकोच: पायाच्या बायपाससाठी (बंद धमनीला वळसा) क्लॅम्प लावण्यापूर्वी हेपारिन (रक्त गोठू न देणारं) द्यावं लागतं, आणि ताज्या अ‍ॅड्रीनलच्या जागेत ते कोणाला हवंय?

आत्ता स्टेंटही टाकू नका. टाकला की काही महिने दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आल्या आणि गाठ अडकली. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि स्टॅटिन चालू ठेवा, क्लोपिडोग्रेल असेल तर ५ दिवस आधी बंद. सिलोस्टाझॉल (चालताना पोटरी भरून येण्यावरची गोळी) सध्या नको, त्याने नाडी आणखी वाढते.

एक हिशोब लक्षात ठेवा. दंडात १६० असताना घोट्यावर ८८ मिळतंय. अल्फा ब्लॉकरने दंडात १०० झाले तर घोट्यावर ५५ च्या आसपास उरतं, आणि ५० च्या खाली पाय झोपेतही दुखू लागतो. म्हणून डोस वाढवताना फक्त उभं राहून बीपी बघू नका, घोट्याचं प्रेशरही मोजा. मधुमेह असेल तर कडक धमन्यांमुळे एबीआय खोटा चांगला येतो, अशा वेळी अंगठ्याचं प्रेशर.

गाठ निघून बीपी स्थिर झाल्यावर आठवड्यातून तीनदा ३०-४५ मिनिटं चालणं, किमान १२ आठवडे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तरी भागलं नाही तर बायपास, शक्यतो स्वतःच्या शिरेने. ३ मिमीपेक्षा बारीक शीर फसवते. पहिल्या महिन्यात ग्राफ्ट (बायपासला जोडलेली शीर) बंद पडला तर दोष बहुतेक तंत्राचा: बोगद्यात पीळ, शिरेत राहिलेली झडप, न बांधलेली फांदी.

भूलकट्टा
उजवीकडची अ‍ॅड्रीनल शीर जेमतेम सेंटिमीटरभर, थेट व्हेना काव्हात (पोटातली मुख्य शीर) शिरते. ओढाताण झाली तर फाटते ती काव्हाच. म्हणून गाठीला चिमटा लावू नका, भोवतालची चरबी धरा. कवच फुटलं तर पेशी पोटात सांडतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरायच्या गॅसचं प्रेशर ८-१० पासून सुरू करा. शीर क्लिप करण्याआधी मोठ्याने सांगा, कारण पुढच्या मिनिटात बीपी कोसळतं. आधी द्रव, मग नॉरअ‍ॅड्रेनालिन. जास्त झालं तर पाय पांढरा पडतो.

डॉपलरने घोट्यापाशी आवाज मिळतो ती जागा आधीच मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे रिकव्हरीत शोधाशोध होत नाही. टाचेखाली मऊ उशी, या पायाला घट्ट मोजे नाहीत. पहिले २४ तास साखर तपासत राहा, इन्सुलिन एकदम मोकळं सुटून ती खाली येते.

ग्रंथीशोधक
आणि गाठ निघाली म्हणजे सुटलो असं नाही: २ ते ६ आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा, पुढे दरवर्षी. जनुकीय तपासणीही सुचवा, ६२ वय असलं तरी.