एकच गाणं, तीन पट्ट्या

काही जण म्हणतात की व्हिक्टोरियन काळातली इंग्रजी घरगुती गाणी, म्हणजे घरी पियानोच्या साथीवर म्हणायची गाणी, आपोआप, तोंडोतोंडी पसरली. मला हे अर्धंच पटतं. त्यामागे पक्कं व्यापारी गणित होतं. बूसी या प्रकाशन संस्थेने १८६७ पासून लंडनमध्ये बॅलडचे, म्हणजे अशाच गाण्यांचे, जलसे सुरू केले आणि आपणच छापलेली गाणी तिथे नामवंत गायकांकडून गाऊन घेतली. गायकाला खपलेल्या प्रतीमागे रॉयल्टी मिळे, मग तो तेच गाणं गावोगावी गाई. संगीतकार आर्थर सलिव्हनचं १८७७ सालचं 'द लॉस्ट कॉर्ड' अँटोनेट स्टर्लिंग या गायिकेने असंच घराघरांत पोचवलं.

छपाईतली हुशारी तर बघाच. एकच गाणं तीन-चार पट्ट्यांत, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या सुरांत, छापून निघायचं आणि मुखपृष्ठावर प्रत्येक पट्टीतला सगळ्यात खालचा नि वरचा स्वर दिलेला असायचा. आपल्या गळ्याला झेपेल ती प्रत उचलायची! पियानोची साथही बहुधा सोपी, कारण वाजवणारी घरातलीच मुलगी. हौशी माणसाचा इतका बारीक विचार मला मनापासून आवडतो.

पुढे चोरट्या प्रती रस्त्यावर दोन-दोन पेन्सला विकल्या जाऊ लागल्या. प्रकाशक इतके जेरीस आले की १९०६ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला.