कबड्डी: डाव्या कोपऱ्यात दोन पोरं, उजवा रिकामा, अदलाबदलीत कोणाले द्यायचं?

कोपरा_दारव्हा
राजेहो, मंडळाच्या संघाचा विषय आहे, जरा लांब लिहितो, पूर्ण वाचून मगच सांगा. आमचा संघ दारव्हा तालुक्यातला, खुल्या गटात खेळतो. कापूस घरात आला की तिथून महाशिवरात्रीपर्यंत यवतमाळ, वाशीम, अमरावती भागातल्या इनामाच्या स्पर्धा करतो, मातीवर बी अन् आता बऱ्याच गावात मॅटवर बी. आमचा उजवा कोपरा, म्हंजे हात धरून उभ्या राहणाऱ्या साखळीच्या उजव्या टोकाचा पकड करणारा पोरगा, पोलीस भरतीत लागला, पोराचं सोनं झालं, पण तो गेल्यापासून डिफेन्सचा तोलच राहिला नाही. डाव्या कोपऱ्याले दोन पोरं आहेत अन् दोघंही एक नंबर, एकानं घोटा धरला तं सुटत नाही, दुसऱ्याचा ब्लॉक, म्हंजे अंगानं वाट अडवणं, असा की रेडरले (चढाईवाल्याले) मध्यरेषा दिसतच नाही. पण जागा एकच ना. उजवीकडं कव्हरचा, म्हंजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा, पोरगा सरकवून काम चालवलं तं समोरच्याले दोन चढायांत समजते, मग सगळे तिकडूनच घुसतात, आम्ही सहा-सात मैदानात असलो की बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) काढून नेतात अन् पाच झालो की टच, अन् पाहता पाहता सगळे बाद होऊन लोण बसते.

दिग्रसकडचा एक संघ त्यांचा उजवा कोपरा द्यायले तयार आहे, पोरगा खरंच भारी आहे, पण त्याच्या बदल्यात त्यायले आमचा मेन रेडर पाहिजे. नेरकडचे म्हणतात कोपऱ्याले कोपरा घ्या, आमच्या दोघांतला एक डावा द्या अन् आमचा उजवा न्या, पण त्यांचा पोरगा उतावीळ आहे, रेडर पाय टाकायच्या आधीच झेप घेते. नाहीतर नागपूरहून मानधनावर पाहुणा खेळाडू आणायचा, तो स्पर्धेच्या दिवशीच येईल. मंडळात दोन गट पडले, अर्धे म्हणतात रेडर देऊन टाका, डिफेन्स मजबूत तर मॅच आपली. मले ते पटत नाही, पण उजवा कोपरा असा उघडा ठेवून पुरा हंगाम बी काढता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

पंच_अकोला
रेडर देऊ नका. हे आधी सांगतो, बाकी नंतर. तुमच्या पोरांनी कितीही पकडी केल्या तरी बाद झालेला गडी आत आणायला चढाईचाही गुण लागतो, अन् रेडरच नसला तर प्रत्येक वेळी पकड होईपर्यंत वाट पाहत बसावं लागतं. तिघं किंवा कमी उरल्यावर केलेल्या पकडीला, म्हणजे सुपर टॅकलला, दोन गुण मिळतात हे खरं, पण त्या भरवशावर खेळणारा संघ कायम लोणच्या तोंडावर असतो.

दुसरं असं की कोपरा एकटा मोजायचा नाही, जोडी मोजायची. मुंबईच्या यू मुंबा संघानं २०१५ साली दुसऱ्या सीझनची प्रो कबड्डी जिंकली तेव्हा डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा अन् उजव्यात मोहित छिल्लर, एकानं रेडरला आत ओढायचं अन् दुसऱ्यानं मागून बंद करायचं, बघत राहावं असं ते काम होतं. २०१६ च्या लिलावात मोहितला बंगळूरनं ५३ लाखाला नेलं, तो त्या लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू होता, नाडाही तिकडंच गेला, अन् पुढच्या सीझनला मुंबईला सेमीफायनल गाठता आली नाही. म्हणून नेरच्या पोराचं नाव ऐकून ठरवू नका, तुमच्या कव्हरसोबत त्याचा हात जुळतो का ते बघा. उतावीळपणा सरावानं कमी होतो, मी अशी पोरं सुधारलेली पाहिली आहेत.

वऱ्हाडी_पट
काहून बाहेर पाहता भाऊ, घरात दोन कोपरे आहेत तं एकाले उजवीकडं शिकवा ना! आमच्या गावचा पोरगा असाच डाव्याचा उजवा झाला अन् आता जिल्ह्याच्या संघात खेळते. बदली करून दिलेलं पोरगं उद्या तुमच्याच समोर उभं राहीन अन् तुमच्या सगळ्या खुणा त्याले पाठ असतीन, ह्याचा विचार मंडळात कोणी केला का? नागपूरवाल्या पाहुण्याचं तं नावच नका घेऊ, मानधन द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या, अन् साखळीत हात कोणाचा धरायचा हे बी त्याले त्याच दिवशी सांगा. गावच्या पोराले मात्र वाईट वाटते, वर्षभर सराव त्यानं केला अन् फायनलले बाकावर तो बसला. मले हे लय लागते.

कोपरा_दारव्हा
@वऱ्हाडी_पट भाऊ तुमचं म्हणणं मनाले लागलं. पण डाव्याचा उजवा करणं बोलायले सोपं आहे. डाव्या कोपऱ्याचा उजवा हात साखळीत असते अन् डावा मोकळा, उजवीकडं गेला की सगळंच उलटं, पुढचा पाय बदलते, झेप घ्यायची बाजू बदलते. घोटेवाला पोरगा तयार नाही, ब्लॉकवाला म्हणते करून पाहतो. स्पर्धा तोंडावर आहेत, तेवढ्या वेळात होईल का तेच समजत नाही.

मॅटवाला_चंद्रपूर
ब्लॉकवाला तयार आहे म्हणता तर अर्धा प्रश्न तिथंच सुटला असं मला वाटतं, कारण ब्लॉकला अंगाचा अन् छातीचा उपयोग जास्त, बाजू बदलली तरी ते अंग तेच राहते, घोटेवाल्याचं तसं नाही, त्याची सगळी नजर एकाच बाजूच्या पायावर बसलेली असते. तरी मी नेरची अदलाबदल एकदम सोडून नाही देणार. हरियाणा स्टीलर्सचं आठवा, प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल १ मार्च २०२४ ला हैदराबादला झाली, त्यात पुणेरी पलटणकडून २८-२५ हरले. एवढ्या जवळून हरल्यावर माणूस सगळा संघ मोडून टाकते, त्यांनी तसं केलं नाही. उजव्या कोपऱ्यात राहुल सेतपाल अन् कव्हरला जयदीप दहिया तसेच ठेवले अन् फक्त जिथं गरज होती तिथं पैसा लावला, पुण्याच्या त्याच संघातला इराणचा शादलू २ कोटी ७ लाखाला घेतला. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ हरवून कप नेला. म्हणजे जे जुळलेलं आहे त्याला हात लावायचा नाही अन् एकच भोक बुजवायचं. तुमचं भोक उजवा कोपरा आहे, रेडर नाही, मग दिग्रसची ऑफर त्या हिशोबात बसतच नाही.

आणि एक, बदली करायची ठरली तर कागद आधी. पोराची नोंदणी कोणत्या मंडळाच्या नावावर आहे, आधीच्या मंडळाचं ना हरकत पत्र मिळते का, हे जिल्हा संघटनेत विचारून घ्या. मैदानात उतरल्यावर समोरच्या संघानं हरकत घेतली तर तोंडी बोलण्याला काही किंमत राहत नाही. आमच्या भागात यावरून जिंकलेली मॅच गेली आहे एका संघाची.

पंच_अकोला
कागदाचं बरोबर. आणि वजनही बघा, ठरावीक किलोच्या गटात उतरणार असाल तर नेरचा पोरगा वजनात बसतो का हे आधीच काट्यावर करून घ्या.

वऱ्हाडी_पट
मी अजूनही म्हंतो घरचाच पोरगा. पण बदली करायचीच असन तं कायमची नका करू, हंगामापुरती करा, अन् दोन्ही गावच्या चार मोठ्या माणसांसमोर करा. अन् ज्याले पाठवता त्याले आधी स्वतः जाऊन इचारा, मंडळाच्या बैठकीत परस्पर नाव नका घेऊ त्याचं.

कोपरा_दारव्हा
सगळ्यायचे आभार राजेहो. रेडर देत नाही, हे आज बैठकीत स्पष्ट सांगतो, कोणाले राग आला तरी चालन. ब्लॉकवाल्याले उद्यापासून उजवीकडं उभा करतो, रोज संध्याकाळी दोन्ही कव्हरसोबत नुसती साखळी अन् पकड, बाकी काही नाही. नेरवाल्यायले फोन करून म्हटलं, रविवारी आमच्या मैदानावर मैत्रीचा सामना ठेवू, त्यात एक डाव त्यांचा उजवा कोपरा आमच्याकडून खेळवू अन् एक डाव आमचा. ते तयार आहेत. @पंच_अकोला साहेब, रविवारी वेळ असन तं या ना, पंच म्हणून नाही, नुसतं उजवीकडं पाहायले.