गिरगावात भाड्याने जागा घ्यावी का, आणि घेताना काय पाहावे?

जाईजुई

नमस्कार. माझी बदली नाशिकहून मुंबईत फोर्टमधील कार्यालयात झाली आहे आणि पुढील दोन-तीन वर्षे तिथेच राहावे लागेल असे दिसते. पतींचे काम घरूनच चालते. सासूबाई आमच्यासोबत असतील. त्यांनी पासष्टी ओलांडली आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात, परंतु रोज सकाळी देवळात आणि भाजीला आपल्या पायांनी जाण्याची सवय त्यांना सोडायची नाही. नाशिकमध्ये आमचे घर भद्रकालीजवळच्या जुन्या वस्तीत असल्याने, कोथिंबिरीच्या जुडीसाठीही रिक्षा करावी लागेल अशा संकुलात त्यांना नेणे जिवावर येते. म्हणून गिरगावचा विचार करत आहोत.

मध्यस्थांशी फोनवर बोलणे झाले. त्यांच्या मते चाळीतील पागडीची, म्हणजे आधी ठोक रक्कम देऊन अल्प भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली, खोली बरीच स्वस्त पडेल आणि करार नोटरीकडे करून मिळेल, तर नव्या इमारतीतील सदनिका लहान असूनही महाग पडेल. तिथे राहिलेल्यांनी मार्गदर्शन करावे: कोणता भाग पाहावा, चाळ की नवी इमारत, आणि गाडी सोबत आणावी की नाही?

ठाकूरद्वार नाका

आमच्याकडे पत्ता रस्त्यापेक्षा वाडीच्या नावाने सांगतात. जागा शोधतानाही आधी वाडी ठरवावी, कारण पाच मिनिटांच्या अंतरात आवाज, उजेड आणि वर्दळ पार बदलते. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर दर्शनी असलेल्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत वाहनांचा आवाज असतो, आणि त्याच इमारतीच्या पाठीमागे वाडीत उघडणाऱ्या खोलीत दुपारी सुखाने झोप लागते. मध्यस्थ मात्र 'रोड टच' जागेची महती गातात. तुमच्या पतींना दिवसभर फोनवर बोलायचे असेल, तर आतल्या बाजूची जागा मागा.

कामाच्या अंतराविषयी निर्धास्त असा. ठाकूरद्वारहून काळबादेवी, धोबीतलाव करत हुतात्मा चौकापर्यंत रमतगमत गेले तरी पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स ही पश्चिम रेल्वेची स्थानके आहेतच, शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोची गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके सुरू झाल्याने सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट एका बाजूला आणि दादर, बीकेसी, विमानतळ दुसऱ्या बाजूला, अशी थेट सोय झाली आहे. ज्या बांधकामाने आम्हांला अनेक वर्षे धूळ खाऊ घातली आणि काही कुटुंबांना राहती घरेही सोडावी लागली, त्याचे फळ आता नव्याने येणाऱ्यांना आयते मिळते आहे, हे थोड्या असूयेने नोंदवतो.

सासूबाईंसाठी फडकेवाडीचे गणपती मंदिर, झावबावाडीतील राममंदिर, थोडे पुढे भुलेश्वर, आणि मासे खात असाल तर चिराबाजार, हे सारे पायी होण्याजोगे आहे. नाटके आणि व्याख्याने ऐकायची असतील, तर केळेवाडीत साहित्य संघ आहे. चर्नी रोडसमोर सैफी आणि प्रार्थना समाजाजवळ हरकिसनदास, ज्याला आता रिलायन्सचे नाव आहे, अशी दोन मोठी रुग्णालयेही जवळ आहेत. मात्र अंतर कमी म्हणजे चालणे सोपे असे समजू नका. मुख्य रस्त्यांचे पदपथ फेरीवाले, उभ्या दुचाकी आणि उखडलेल्या लाद्या यांनी व्यापलेले असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाड्यांतून आतल्या आत जाणारे रस्ते अधिक सोयीचे पडतात, आणि ते पंधरवड्यात सहज पाठ होतात.

खोताची वाडी पाहून मन हरखेल, म्हणून आधीच सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ मराठी ख्रिस्ती, कुटुंबांनी बांधलेली ती लाकडी जिन्यांची व व्हरांड्यांची घरे आता मोजकीच उरली आहेत. त्यांतले एखादे भाड्याने मिळेल या आशेवर महिने घालवू नयेत.

कराराचा कागद

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु माझ्या मते वाडी निवडण्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे: जो माणूस तुम्हांला खोली देतो आहे, त्याला ती देण्याचा अधिकार आहे का? गिरगावात हा प्रश्न नाशिकपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथल्या जुन्या खोल्यांत राहणारे बहुतेक जण मालक नसून पागडीचे भाडेकरू असतात. पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने ते 'आमची खोली' म्हणतात आणि व्यवहारात तसे म्हणण्यात काही चूकही नाही, परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ नुसार, मूळ करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने किंवा परवान्याने दुसऱ्यास देता येत नाही. त्याने तशी दिल्याचे मालकाने सिद्ध केले, तर कलम १६ खाली त्याची स्वतःची खोली जाऊ शकते, आणि मग त्याच्यामार्फत आत आलेल्या तुमचा प्रश्नच उरत नाही. असे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चालतात. गिरगावकरांना ते चालत गाठता येते, आणि काही घराण्यांच्या दोन-दोन पिढ्या ते तसे गाठत आल्या आहेत.

ओळखण्याची खूण साधी आहे. हक्काचा कागद मागितल्यावर समोरच्याने भाडेपावती दाखवली, तर तो स्वतःच भाडेकरू आहे. अशा वेळी इमारतमालकाची लेखी संमती दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील असेल, तर भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि देखभालीचे ताजे देयक मागावे. वीजबिलावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. 'तुम्हांला नातेवाईक म्हणून दाखवू' किंवा 'सांभाळायला ठेवले असे लिहून देऊ' अशी वाक्ये कानांवर आली, की चहा घेऊन निघावे.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खर्चही फार नाही. समजा मासिक शुल्क ३०,००० रुपये, मुदत ११ महिने आणि परत मिळणारी अनामत १ लाख असेल, तर एकूण शुल्क आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण साडेआठशे रुपये होतात. त्यावर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी लागते. ही नोंदणी आधार आणि बोटांचे ठसे वापरून घरबसल्या होते, त्यामुळे 'कचेरीत खेपा घालाव्या लागतील' ही सबब चालवून घेऊ नका.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर जागा सोडणे तुम्हांला बंधनकारक आहे. न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट शुल्क भरावे लागू शकते.

माडीवरची

मी काही वर्षे मुगभाटच्या एका चाळीत भाड्याने राहिले. कागद चोख होते, कारण खोली खुद्द इमारतमालकानेच दिली होती. तरीही तुमच्या घरासाठी मी चाळ सुचवणार नाही, आणि त्याचे कारण जिना हे आहे. जुन्या लाकडी जिन्यांच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि मधोमध झिजलेल्या असतात. माझ्या शेजारच्या आजी वरून भाजीसाठी टोपली सोडत, कारण खाली उतरणे त्यांनी जवळजवळ सोडून दिले होते. बाजार इमारतीच्या पायथ्याशी असूनही त्या बाजारात जात नव्हत्या. सासूबाईंचे चालणे टिकावे म्हणून तुम्ही गिरगाव निवडत आहात, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीने नेमके उलटे होईल. तळमजला मिळाला तर पावसाळ्यातील ओल आणि उंदीर हे वेगळे प्रकरण आहे.

बऱ्याच चाळींत शौचालय गॅलरीच्या टोकाला आणि सामाईक असते. ज्यांनी आतल्या मोरीच्या जागी ते बांधून घेतले आहे, त्यांच्याकडे खालच्या बिऱ्हाडाच्या छताला गळती आहे का, हे खालच्यांनाच विचारावे. पाणी ठरावीक वेळेतच येते आणि ती वेळ अनेकदा पहाटेची असते, म्हणून खोली पाहायला एकदा त्या वेळी आणि एकदा रात्री जावे. धुलाई यंत्राचा भार लाकडी तक्तपोशीवर कुठे चालेल, विजेचा मंजूर भार वातानुकूलन यंत्राला पुरेल का, हेही विचारावे, कारण अनेक इमारतींतील वायरिंग जुने आहे.

शेजाराविषयी इतकेच सांगते, की दार उघडे ठेवण्याची रीत आहे. मला ते फार आवडले. ज्यांना दारावरची थाप नको असते, त्यांना आवडत नाही. आणि मांसाहार करत असाल तर आधीच विचारा. काही इमारतींत तेवढ्यावरून नकार मिळतो.

शिवाजी पार्क

वेगळे मत मांडतो. चालण्याजोगी जुनी मराठी वस्ती एवढीच अपेक्षा असेल, तर दादरही पाहावे. तिथे सहकारी संस्थांतील जुन्या पण काँक्रीटच्या इमारती अधिक आहेत, वृद्धांना फिरायला मोठे मैदान आहे, आणि मेट्रोने हुतात्मा चौक थेट गाठता येतो.

ठाकूरद्वार नाका

हे रास्तच आहे, परंतु भाड्यात बचत होईल असे समजून कोणी दादरला जाऊ नये. शिवाय कार्यालय पायी गाठण्याचे सुख तिथे नाही. मैदानाचे म्हणाल तर आमच्याकडे चौपाटी आहे. अनंत चतुर्दशीला सारी मुंबई तिथे लोटते आणि आमचे रस्ते वाहनांना बंद होतात, तेवढा दिवस घरात राहावे किंवा गर्दीतच सामील व्हावे.

जाईजुई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवार-रविवारी येऊन दोन जागा पाहिल्या. पहिली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे: दोन मोठ्या खोल्या, पोटमाळा, सुंदर गॅलरी. कागद मागितल्यावर भाडेपावतीच पुढे आली आणि जिन्याखाली लोखंडी टेकूही दिसले. दुसरी पुनर्विकसित इमारतीत अकराव्या मजल्यावर आहे. चाळीतील मूळ रहिवाशाला मिळालेली ही सदनिका सुमारे ३२० चौरस फुटांची असून दोन लिफ्ट आहेत. पतींना बसून काम करायला कोपरा कसा काढावा हे कळत नाही, सासूबाईंना मात्र लिफ्ट पाहूनच बरे वाटले. दुसरी घेतल्यास आणखी काय तपासावे?

कराराचा कागद

पहिली सोडा. टेकू दिसले म्हणजे इमारत पडतेच असे नाही, परंतु १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गातील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती गिरगावात पुष्कळ आहेत आणि म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. इमारत रिकामी करण्याची वेळ आली, तर संक्रमण शिबिरातील गाळा आणि पुढे नवे घर यांवर हक्क मूळ भाडेकरूचा असतो. तुम्हांला फक्त सामान हलवावे लागेल, आणि अनामत परत मिळवण्यासाठी त्याच अडचणीत सापडलेल्या माणसामागे धावावे लागेल.

दुसऱ्या जागेसाठी आधी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळाले आहे का ते पाहा. ते नसताना ताबा दिलेल्या इमारती असतात, आणि पाण्याच्या जोडणीपासून अग्निसुरक्षेपर्यंत अनेक गोष्टी त्यावर अवलंबून असतात. मग सदनिका ज्याच्या नावे आहे तोच करारावर सही करतो आहे ना, याची खात्री करा. मूळ भाडेकरू वारला असेल आणि तीन भावंडांपैकी एकच समोर येत असेल, तर इतरांची लेखी संमती घ्या. देखभाल शुल्क कोण भरणार हे करारात लिहा, कारण लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक असलेल्या इमारतींत ते बरेच असते. दोन्हींपैकी निदान एक लिफ्ट वीज गेल्यावर जनित्रावर चालते का, हे अकराव्या मजल्यासाठी विचारलेच पाहिजे.

माडीवरची

कोपऱ्यासाठी खिडकीला लागून भिंतीत घडी होणारी फळी बसवून घ्या. मालकाची परवानगी मात्र लेखी असू द्या. सामान नाशिकहून मागवण्याआधी कपाटाचे माप लिफ्टच्या दाराशी ताडून पाहा आणि सामान चढवण्यास संस्था कोणत्या वेळी मुभा देते तेही विचारा.

ठाकूरद्वार नाका

गाडीचे उत्तर राहिले. पुनर्विकसित इमारतीतही वाहनतळाची जागा बहुधा विकासक बाजारात विकतो त्या सदनिकांना जाते, त्यामुळे ती करारात नमूद नसेल तर नाही असेच समजावे. वाडीत उभी केलेली गाडी सकाळी बाहेर काढायला चार घरांची दारे वाजवावी लागतात. गाडी नाशिकलाच राहू द्या. गावी जायचे झाले तर सीएसएमटीहून पंचवटी एक्स्प्रेस आहे, आणि गिरगाव स्थानकाहून मेट्रोने सीएसएमटी अवघ्या दोन स्थानकांवर आहे.