काकांच्या बिलावरचं '२६ मे' : इंटरनेटचं मीटर नक्की कोणी बंद केलं?

चाफा_वाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे जुनी खोडं बरीच आहेत म्हणून विचारते.

दिवाळीनंतर काकूबरोबर लेस्टरचं घर आवरायला पंधरा दिवस गेले होते. काका गेल्या वर्षी गेले, काकू आता मुलीकडे राहायला जातेय. माळ्यावर एक खोकं निघालं. त्यात १९९८ ते २००२ ची टेलिफोनची बिलं, तिमाहीवार, सुतळीने बांधलेली. आमचे काका म्हणजे रिक्षाच्या पावतीवरसुद्धा कुठून कुठे गेलो ते लिहून ठेवणारे.

१९९९ च्या बिलांत ०८४५ ने सुरू होणारा एकच नंबर, पानंच्या पानं. काही ओळींना लाल पेन्सिलीने गोल. एका मंगळवारी दुपारी १ तास ५४ मिनिटं, ४ पौंड ५० पेन्स. त्याच आठवड्यातल्या रविवारी २ तास १० मिनिटं, आणि पैसे फक्त १ पौंड ३०. मंगळवारच्या गोलाशेजारी चुलत भावाच्या नावाने जे लिहिलंय ते इथे देण्यासारखं नाही.

मग २००० सालच्या उन्हाळ्यानंतरच्या बिलात हा नंबर गायबच. आणि समासात निळ्या शाईने : "२६ मे. ऑफ्टेल. सुटलो!"

इंटरनेटला मिनिटावर पैसे का पडायचे? ऑफ्टेल कोण? सरकारने कायदा करून दर बांधून दिला का? माझा जन्म २००१ चा, मला नेट म्हणजे महिन्याचे ठरलेले पैसे एवढंच माहीत. काकूला विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत, मी त्या खोलीत जातच नव्हते."

---

ढगफुटी

ब्रिटनचं माहीत नाही, पण आमच्याकडे पुण्यातही हेच होतं. इंटरनेटचं पॅकेज तासांवर, आणि १७२ ने सुरू होणारा नंबर फिरवला की टेलिफोनचं मीटर वेगळं. म्हणजे दोन्हीकडून कापणार. बाबांनी फोनला छोटं कुलूप लावलं होतं. मोडेमची (फोनच्या तारेवरून नेट जोडणाऱ्या डबीची) वायर भिंतीतून थेट येते हे त्यांना वर्षभर कळलं नाही. कळलं त्या दिवसाबद्दल नको.

---

रात्रपाळी

चाफा, तुमच्या काकांच्या "सुटलो" वर मीही सही करतो. १९९८ ते २००३ लंडनमध्ये होतो, डॉकलँड्समध्ये एका लहानशा इंटरनेट कंपनीत. पाळी संध्याकाळी पाच ते रात्री एक. नाव सांगत नाही, आता ती कंपनीही नाही.

आधी तुमची पेन्सिल. ०८४५ म्हणजे इंटरनेट लावायचा नंबर, त्याला लोकल कॉलचाच दर. तेव्हा बीटीचा, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉम या तिथल्या मुख्य टेलिफोन कंपनीचा, लोकल कॉल दिवसा मिनिटाला जवळजवळ ४ पेन्स, नेमकं सांगायचं तर ३.९५. संध्याकाळी ६ नंतर दीड, शनिवार-रविवारी १. मंगळवारची ११४ मिनिटं गुणा, साडेचार पौंड बरोबर येतात. रविवारची १३० मिनिटं म्हणजे १ पौंड ३०. शिवाय कमीत कमी ५ पेन्स प्रत्येक कॉलला, त्यामुळे लाइन तुटून पुन्हा लावली की पाच पेन्स गेले. आमच्या घरी मोडेमशेजारी टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर असायचं. बायको वीस मिनिटं लावून जायची. ते वाजलं की मिरजेच्या भावाचं पत्र अर्धं का असेना, बंद. मराठी पेपर वाचायचा तर त्याचा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे, तो उतरवण्यातच सकाळचे चाळीस पेन्स. बीटीची एक सवलत होती, सगळ्यात जास्त फोन ज्याला करता तो नंबर 'बेस्ट फ्रेंड' म्हणून द्यायचा. आम्ही सगळ्यांनी त्या जागी मोडेमचा नंबर दिला होता. हसू नका, तुमच्या काकांनीही दिला असेल. बिलात शोधा.

मी कामावर एक आलेख बघत बसायचो, किती चॅनेल वापरात आहेत, म्हणजे एका वेळी किती गिऱ्हाइकं जोडलेली आहेत, त्याचा. सहाला पाच कमी असताना रेघ जमिनीला लागलेली. सहा वाजले की शिडी लावल्यासारखी उभी चढायची. अख्खं लंडन घड्याळाकडे बघत बसलंय हे मला त्या पडद्यावर दिसायचं.

आता मूळ प्रश्न. सप्टेंबर १९९८ मध्ये डिक्सन्स या दुकानवाल्यांनी फ्रीसर्व्ह काढलं. महिन्याची वर्गणी शून्य, दुकानातून सीडी उचला आणि लावा. लोकांना वाटलं फुकट. पण ०८४५ च्या कॉलचे पैसे बीटी गोळा करायची, आपला वाटा ठेवायची आणि उरलेले पलीकडच्या टेलिफोन कंपनीला द्यायची. त्यातून इंटरनेटवाल्याला हिस्सा. म्हणजे फुकटवाल्याचं पोट मिनिटांवरच भरत होतं. मीटर बंद व्हावं असं त्याला का वाटेल?

ज्यांना वाटत होतं त्यांची अडचण निराळी. खानावळीचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक म्हणतं महिन्याचे ठरलेले पैसे घे, पोटभर वाढ. खानावळवाला तयार आहे. पण पोळ्या ज्याच्याकडून येतात तो एकच, आणि तो पोळीमागे पैसे घेतो. मग पैलवान पोरं चार आली की खानावळ बुडाली. डिसेंबर १९९९ मध्ये बीटीने सर्फटाइम जाहीर केलं, गिऱ्हाइकाला ठरावीक रकमेत. पण इतर कंपन्यांना घाऊक भाव मिनिटावरच ठेवला. एमसीआय वर्ल्डकॉम ही अमेरिकन टेलिफोन कंपनी ऑफ्टेलकडे तक्रार घेऊन गेली. ऑफ्टेल म्हणजे १९८४ मध्ये बीटीचं खासगीकरण झालं तेव्हा नेमलेला दूरसंचार नियामक, आपल्याकडच्या ट्रायसारखा. तेव्हा प्रमुख डेव्हिड एडमंड्स.

२६ मे २००० चा निर्णय तो हा. ऑफ्टेलने घरच्या बिलाचा दर बांधला नाही, चाफा. त्याने बीटीला सांगितलं, घाऊक माल मिनिटावर नको, क्षमतेवर विक. पोळ्या मोजू नकोस, पाट भाड्याने दे. एक पाट म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधली, जिथे घरोघरच्या तारा एकत्र येतात तिथली, ६४ केबीपीएसची एक वाट, तिचं ठरलेलं भाडं. त्या पाटावर दिवसभर कोणी बसो की न बसो. याचं नाव इतकं लांब होतं की सगळे फ्रायाको म्हणायचे. फ्लॅट रेट इंटरनेट ॲक्सेस कॉल ओरिजिनेशन. कारकुनाने ठेवलेलं नाव, पण या नावाने माझा पगार दोन वर्षं चालला.

---

ठोकळेबाज

माहिती छान, पण नियामकाला इतकं डोक्यावर घ्यायची गरज नाही. केबलवाले मैदानात उतरलेच होते, टेलीवेस्ट १० पौंडांत महिनाभर देत होती. स्पर्धा आली की दर उतरतातच. कागद काढायला सरकारी बाबू कशाला?

---

रात्रपाळी

केबल जिथे होती तिथे बरोबर. आमच्या गल्लीत नव्हती, पुढच्या गल्लीत होती. आणि हल शहरात तर त्याआधीपासूनच मजा होती. तिथे बीटी नाही, किंग्स्टन कम्युनिकेशन्स ही स्थानिक कंपनी, फोनच्या टपऱ्यासुद्धा लाल नसून साय रंगाच्या. तिथे लोकल कॉलला वेळ मोजतच नसत, कितीही बोला, एका कॉलचे ठरलेले पैसे. आमचा एक सहकारी हलचा. तो घरी गेला की रात्रभर मोडेम जोडून ठेवायचा आणि सोमवारी आम्हाला तोंड वेंगाडून सांगायचा.

पण नुसत्या स्पर्धेचं काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. मार्च २००० मध्ये अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनवाल्या कंपनीने ब्रिटनमध्ये ठरलेल्या पैशांत अमर्याद इंटरनेट देतो म्हणून गाजावाजा केला. ऑगस्टमध्ये कबूल केलं की एकाही गिऱ्हाइकाला जोडलेलं नाही. घाऊक भाव मिनिटावर असताना ते गणित बसणारच नव्हतं. बाजाराला देण्याची हौस होती, पोळीवाला एकच होता एवढंच.

निर्णयात खोट नव्हती असं मात्र नाही. पहिल्या निर्णयात पाट मिळायचा तो अगदी खालच्या, लोकल एक्स्चेंजवर. अशी एक्स्चेंज देशभर शेकडो. प्रत्येकापर्यंत स्वतःची तार नेणं मोठ्यांना जमलं, आमच्यासारख्यांनी मोठ्यांकडून उसनं घेतलं. वरच्या पातळीवर, म्हणजे बऱ्याच एक्स्चेंजची वाहतूक जिथे एकत्र येते तिथे, पाट द्या म्हटल्यावर बीटीचं म्हणणं होतं की आमचं जाळं तुंबेल. तिथेही पाट द्यायचा, हा निर्णय फेब्रुवारी २००१ मध्ये आला.

तुंबण्याबद्दल बीटी अगदीच खोटं बोलत नव्हती, हे त्या आलेखासमोर बसणारा माणूस म्हणून सांगतो. आम्ही महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर कनेक्शन द्यायला लागलो त्या आठवड्यात संध्याकाळची शिडी नाहीशी झाली. रेघ चढली ती उतरेचना. रात्री एकला मी निघायचो तेव्हाही तितकीच. लोक झोपायचे आणि मोडेम जागा. आम्ही एका पाटाला दहा-बारा गिऱ्हाइकं धरली होती, सगळे एकदम जेवायला बसत नाहीत या हिशेबाने. ते तर पाटावरून उठायलाच तयार नाहीत! काही वापर नसेल तर लाइन तोडायची सोय केली, तर दर पाच मिनिटांनी उगाच काहीतरी मागवणारे प्रोग्राम लोकांनी बसवले. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये १९.९५ डॉलरात महिनाभर सुरू केलं तेव्हा हेच झालं होतं, लोकांना नुसता एंगेज टोन. आमच्या साहेबांनी ते वाचलं नव्हतं बहुतेक.

मग आला दोन तासांचा नियम. दोन तास झाले की लाइन आपोआप तुटणार, हवं तर पुन्हा लावा. पहिली पंगत उठली की दुसरी बसवायची तसं. शिव्या खाल्ल्या भरपूर. एका आजोबांचा रोज रात्री पावणेअकराला फोन यायचा, ब्रिजचा डाव ऐन रंगात आला की तुम्ही तोडता म्हणून. आठला पाच मिनिटं असताना एकदा तोडून पुन्हा लावा म्हणजे पावणेदहापर्यंत निवांत, असं मी त्यांना सुचवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, तो वेळापत्रकातली माझी चूक दाखवायला.

---

ढगफुटी

दोन तासांचं वाचून आठवलं. आपल्याकडे ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. त्यानंतरच्या बीएसएनएलच्या ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये डाउनलोडला मर्यादा, पण रात्री २ ते सकाळी ८ मोजणी नाही. आमच्या होस्टेलवर पावणेदोनचे गजर एकदम वाजायचे. म्हणजे मीटर गेलं मिनिटांचं आणि आलं एमबीचं.

आता गावाकडे वेगळंच. ट्रायने ऑगस्ट २०२१ मध्ये सुचवलं होतं की ग्रामीण घरांना लाइनवरच्या ब्रॉडबँडच्या बिलातले निम्मे पैसे, महिन्याला जास्तीत जास्त २०० रुपये, थेट खात्यात द्यायचा प्रयोग करून बघा. आमच्या वाडीत फायबर शाळेसमोरच्या खांबापर्यंत आलीय. खांब ते घर कोण आणणार ते विचारू नका, गेली दोन वर्षं विचारतोय.

---

ठोकळेबाज

पोळीवाला एकच हा मुद्दा मान्य. बाबू शब्द मागे घेत नाही.

---

रात्रपाळी

नका घेऊ. ऑफ्टेलही २००३ च्या अखेरीस ऑफकॉम या नव्या नियामकात विलीन झालं, वाईट वाटून घ्यायला कोणी उरलेलं नाही.

चाफा, एक बघा. २००० नंतरच्या बिलात ०८४५ ऐवजी ०८०८ ने सुरू होणारा नंबर शून्य पैशांनी दिसतो का? बऱ्याच कंपन्यांनी तसे नंबर दिले होते, पण फुकटचे कॉल बिलात छापत नसत बहुतेक. तुमच्या काकांची लाइन रात्रभर चालू असणार यावर मी पैज लावतो.

---

चाफा_वाई

रात्रपाळी, मनापासून आभार. पाट आणि पोळ्या बाबांना वाचून दाखवलं, त्यांना एका दमात कळलं. मला दोनदा वाचावं लागलं.

'बेस्ट फ्रेंड' सापडला! तिसऱ्या पानावर, ०८४५ च. त्याखाली दुसऱ्या क्रमांकावर आजीचा वाईचा नंबर काकांनी स्वतःच्या हाताने लिहून मग खोडलाय.

०८०८ कुठे दिसला नाही. पण २००१ च्या जानेवारीपासून लाइनचं भाडं दोनदा लावलंय. मला वाटलं होतं माळ्यावर भाडेकरू ठेवला असेल. काल काकूला फोनवर विचारलं. म्हणाली, "मीटर बंद झालं आणि आमचा फोनच बंद झाला. तुझी आजी वाईहून दर रविवारी लावायची, एंगेज. संक्रांतीला तिने तुझ्या बाबांकडून तार करवली, 'फोन ठेवा'. तार! तेव्हा घेतली दुसरी लाइन."

तार खोक्यात नाही. काकू म्हणते काकांनी ती पाकिटात ठेवली होती. पाकीट बाबांकडे आहे, उद्या बघते.